चोर शनिवारचा, फाशी रविवारच्या डब्याला

पत्राचा सारांश: पत्रलेखिका एकावन्न वर्षांच्या आहेत, प्राथमिक शाळेत शिकवतात. गौरी-गणपतीपासून आतापर्यंत तीनदा त्यांचे डोळे सुजले, कानाच्या पाळ्या लाल होऊन खाजल्या, मानेवर केसांच्या कडेने बारीक पुरळ उठून लस आली. पहिल्यांदा हे मंगळवारी सकाळी झालं, दिवाळीत सोमवारी सकाळी आणि भाच्याच्या साखरपुड्याच्या वेळी रविवारी रात्री, जेवण झाल्यावर तासाभरात. दर रविवारी रात्री वरच्या मजल्यावरून धाकट्या जाऊबाईंचा डबा येतो. संशय त्यावर आहे. बाईंनी वांगं, शेंगदाणे, अंडी, मासे, लोणचं असं एकेक सोडत आणलं, वजन चार किलोंनी उतरलं. हल्ली त्या ‘पोट बरं नाही’ म्हणून डबा परत पाठवतात. दोन वर्षांपूर्वी वाटणीवरून दोन्ही घरांत अबोला होता. तो मिटला तेव्हापासूनचा हा डबा. ‘आता मनात नको नको ते येतं,’ असं त्या लिहितात. त्यांचे प्रश्न दोन: फूड अ‍ॅलर्जीची मोठी रक्ततपासणी करावी का, आणि जावेला न दुखवता डबा कायमचा कसा थांबवावा? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की सणाकार्याला त्या केस घरीच रंगवतात, शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून शनिवारी दुपारी. ‘पंधरा वर्षं एकच पाकीट आहे, त्यामुळे तो प्रश्नच नाही.’ पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न आहे.

—

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वरून खाली आणि दुसऱ्यांदा खालून वर. खालून वर वाचायची मला सवयच लागली आहे. पेशंट दाराशी जाऊन, चपला घालता घालता जे सांगतो तेच पुष्कळदा कामाचं असतं. तुमच्या पत्रातलं चपला घालतानाचं वाक्य म्हणजे ते ‘तो प्रश्नच नाही’. मी तिथूनच सुरुवात करते, डब्याकडे मागाहून येऊ.

एक कागद घ्या आणि तीन ओळी लिहा. गणपतीच्या वेळी केस रंगवले शनिवारी दुपारी, त्रास सुरू झाला मंगळवारी सकाळी: साधारण साठ तास. दिवाळीला शनिवारी दुपार ते सोमवार सकाळ: चाळीस तासांच्या आत. साखरपुड्याला शनिवार दुपार ते रविवार रात्र: तीस तास. तुम्हाला या तीन ओळींत विस्कळीतपणा दिसतो, कधी मंगळवार, कधी सोमवार, कधी रविवार, आणि म्हणून तुम्ही त्या त्या वेळी शेवटचं काय खाल्लं ते शोधत बसलात. मला त्याच ओळी एका रांगेत दिसतात. साठ, चाळीस, तीस. काहीतरी दर खेपेला लवकर येतंय. आणि तिसऱ्या खेपेला ते इतकं अलीकडे आलं की नेमकं जाऊबाईंच्या भरल्या वांग्याला येऊन थडकलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

आता डब्याच्या बाजूने हिशोब करून बघा. गणपतीपासून साखरपुड्यापर्यंत पंधरा-वीस रविवार सहज झाले असतील. त्यातल्या बहुतेक रविवारी डबा आला, तुम्ही जेवलात, सोमवारी शाळेत गेलात, फळ्यावर लिहिलंत. डोळे सुजले तीन वेळा. केस रंगवलेत तेही तीनच वेळा.

आरोपी बदलायची घाई मीही करणार नाही. सणासमारंभाला केस रंगवले जातात तसं खाणंही वेगळं होतं, नवी साडी नेसली जाते, अत्तर लागतं, गजरा येतो, बाहेरून आणलेली टिकली लागते. तेव्हा रंगच दोषी आहे हे नुसत्या पत्रावरून कुणी छातीठोक सांगू नये. पण पहिला संशय कुणावर घ्यायचा ते सांगता येतं, आणि तो तुम्ही ज्याला सोडून दिलंत त्याच्यावर घ्यायचा.

तुमच्या सगळ्या तर्काच्या मुळाशी एक समज आहे: शरीराला काही बाधलं तर ते लगेच सांगतं. ही समज चूक म्हणता येत नाही, अर्धी आहे. कोळंबी न चालणाऱ्या माणसाला कोळंबी खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत कळतं. अंगावर गांध्या उठतात (आपण म्हणतो ‘पित्त उठलं’), ओठ सुजतात, कधी श्वास लागतो. त्या गांध्या येतात तशा जातात. एकेक गांधी चोवीस तासांच्या आत मावळते आणि मागे डागही राहत नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही लिहिलंय की लस आली, मग खपल्या धरल्या, कातडी सोलली आणि पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. हे पित्त नव्हे, हे इसबाच्या जातीचं आहे. कातडीला लागलेल्या गोष्टीने येणारं इसब आपल्या वेळेनेच येतं. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन.

हा उशीर तुम्ही स्वतः पाहिलाय, कदाचित आठवत नसेल. घरात कुणाला टीबीची शंका आली की हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुई टोचतात, मॉन्टू. सुई टोचून झाल्यावर सिस्टर काय सांगतात? ‘चोळू नका आणि परवा दाखवायला या.’ त्या संध्याकाळी हातावर काही नसतं. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी तिथे कडक गाठ झाली आहे का ते बोटाने चाचपून पट्टीने मोजतात. परवा या म्हणतात कारण ज्या पेशींना ते काम करायचं असतं त्या त्या जागी हजर नसतात. त्या अंगभर फिरत असतात. कुणीतरी त्यांना गाठावं लागतं, निरोप द्यावा लागतो, मग त्या येतात, गोळा होतात, आणि तेव्हा कुठे कातडी लाल होते, फुगते. गावकीच्या बैठकीसारखं आहे ते. दवंडी आज, बैठक परवा.

केसांच्या बहुतेक काळ्या-तपकिरी पक्क्या रंगांत पॅरा-फेनिलीनडायअमीन नावाचं रसायन असतं. थोडक्यात पीपीडी. त्याचा रेणू इतका लहान असतो की तो केसात शिरतो, तसा कातडीतही शिरतो. तिथे तो आपल्याच प्रथिनांना चिकटतो आणि ती प्रथिनं परकी दिसू लागतात. कातडीतल्या पहारेकरी पेशी तो ऐवज उचलून कानामागच्या, मानेच्या गाठींपर्यंत नेतात आणि तिथे त्याची ओळख पटवलेल्या पेशी तयार होतात. या पहिल्या तयारीला दहा-बारा दिवस, दोन आठवडे लागतात, आणि त्या काळात बाहेर काहीही दिसत नाही. पाकीट संपलेलं असतं, केस काळे असतात, सगळं झकास. पुढच्या वेळी तोच रंग लागला की त्या तयार पेशी एक-दोन दिवसांत हजर होतात. त्याच्या पुढच्या वेळी त्यांची संख्या वाढलेली असते म्हणून आणखी लवकर. साठ, चाळीस, तीस.

म्हणजे ‘पंधरा वर्षं एकच पाकीट’ हा रंगाच्या बाजूचा पुरावा होत नाही. ही अ‍ॅलर्जी माणूस जन्मतः घेऊन येत नाही, ती वापराने घडते. ज्या वस्तूशी कधी गाठच पडली नाही तिची अ‍ॅलर्जी होणार कुठून? ते बिनसणं दुसऱ्या वेळी होऊ शकतं आणि पन्नासाव्या वेळीही. माझ्याकडे ‘मी काही नवीन वापरलं नाही’ असं सांगत येणारे लोक रोज येतात आणि खरं तेच सांगतात. मी विचारते, ‘जुनं काय काय वापरता?’ तुम्हीही जरा आठवून बघा. गेल्या दोन-तीन वर्षांत रंगवल्यावर एखाद-दोन दिवस कानामागे खाज, मानेवर चुणचुण असं काही झालं होतं का? घामाने झालं असेल म्हणून सोडून दिलेलं? असेल तर त्या आधीच्या दवंड्या होत्या.

‘रंग डोक्याला लावते, मग डोळे का सुजतात?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या मनात तो असणार. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. टाळूची कातडी जाड, सोशिक. केस धुताना रंगाचं पाणी कपाळावरून, कानांवरून, मानेवरून ओघळतं आणि जिथे कातडी नाजूक तिथे बोंब उठते. डोक्याला नुसती खाज आणि पापण्या मात्र पुऱ्यांसारख्या फुगलेल्या, हे चित्र आमच्या धंद्यात इतकं ओळखीचं आहे की पेशंट बसायच्या आधी नजर त्याच्या केसांच्या मुळांकडे जाते. पांढरं किती उगवलंय त्यावरून रंग कधी लावला याचा अंदाज येतो!

तुम्हाला आजोळची एक गोष्ट सांगते. होळीच्या सुमारास आजीच्या फडताळातून मी आणि मामेभावाने चार बिब्बे पळवले. आजी मोडलेल्या काट्याला चटका द्यायला ते ठेवायची. धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करतो हे आम्ही ऐकलं होतं, म्हणून दगडाने बिब्बे फोडून, चुना लावून, आमच्या दप्तरांवर नावं घातली. छान काळीभोर उठली. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या परड्यातून कैऱ्या पाडून तिखटमीठ लावून खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा एक डोळा उघडेना, बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे फोड. आजीने निकाल दिला: कैऱ्या उष्ण पडल्या. मला त्या उन्हाळ्यात कैरी मिळाली नाही. मामेभावाला काहीच झालं नव्हतं, तो माझ्यासमोर बसून खायचा. पुढे कॉलेजात शिकताना एका तासाला बिब्बा आला आणि मला वर्गातच हसू फुटलं. बिब्बा, काजूच्या टरफलातलं तेल, आंब्याच्या देठाचा चीक, सगळे एकाच कुळातले, आणि त्यांच्या चिकातली द्रव्यंही एकमेकांची भावंडं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठायला लागले तेव्हा कारण निघालं गणवेशावरची धोब्याची खूण. म्हणजे आजी अगदीच चुकली नव्हती, कैरीच्या देठाने माझ्यावर थोडी भर घातलीही असेल. पण बिब्बा सुटला आणि कैरी अडकली, ते तिने शेवटच्या घासाला धरलं म्हणून. तुमच्या घरी तेच चाललंय.

आता रक्ततपासणी. शे-दीडशे पदार्थांची यादी, हजारो रुपयांचं बिल, आणि रिपोर्टवर लाल-पिवळे पट्टे. माझा सल्ला स्पष्ट आहे: करू नका. या चाचण्या रक्तातल्या पाण्यात असणाऱ्या प्रतिपिंडांवर (अँटिबॉडीजवर) चालतात, आणि तुमच्या जातीची अ‍ॅलर्जी प्रतिपिंडांची नसते. हे काही नवं ज्ञान नाही. रक्तगट शोधून काढणारे कार्ल लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी मेरिल चेस यांनी १९४२ मध्ये गिनीपिगवर ते दाखवून दिलं. कातडीची अशी अ‍ॅलर्जी असलेल्या प्राण्याच्या रक्तातलं नुसतं पाणी दुसऱ्याला टोचलं तर अ‍ॅलर्जी त्या दुसऱ्यात उतरत नाही, पांढऱ्या पेशी टोचल्या तर उतरते. मग पाण्यात शोधून काय मिळणार? मिळेल ते असं, की दहा-बारा पदार्थांसमोर काहीतरी खूण येईल, कारण अशी खूण पुष्कळ धडधाकट माणसांतही येते, आणि तुम्ही आणखी दहा-बारा पदार्थ सोडाल. चार किलो आधीच उतरलेत. जे सोडलंय ते परत सुरू करा. त्यातल्या कुठल्या पदार्थाने खाल्ल्या खाल्ल्या ओठ सुजलेत, तोंड खाजलंय किंवा गांध्या उठल्यात असं कधी झालं असेल, तर तेवढा वगळा आणि डॉक्टरांना सांगा. तसं काही तुमच्या पत्रात नाही.

तुम्हाला हवी आहे ती पॅच टेस्ट. ती त्वचारोगतज्ज्ञ करतात, जिल्ह्याच्या गावी किंवा मेडिकल कॉलेजात सहज होते. १८९५ मध्ये ब्रेस्लाऊच्या जोसेफ याडासोन यांनी ही पद्धत मांडली आणि तिचा गाभा तेव्हापासून बदललेला नाही. संशयित द्रव्यं ठरावीक, अगदी थोड्या प्रमाणात (पीपीडी एक टक्का) छोट्या वाट्यांत घालून पाठीवर चिकटपट्टीने लावतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. उशिरा येणाऱ्या साक्षीदारासाठी कोर्टाने दोन तारखा द्याव्यात, तसं. ही चाचणी अंगावर पुरळ जोरात असताना करत नाहीत, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर निकाल दबतो. तेव्हा कुठल्या गोळ्या घेताय ते आधी सांगा.

इथे एक ताकीद. पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं की थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आत लावून चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास थांबा. बहुतेकजण अर्धा तास थांबतात, काही झालं नाही म्हणतात आणि डोक्याला फासतात. अर्ध्या तासाच्या त्या परीक्षेला काडीचा अर्थ नाही, आता कारण तुम्हाला कळलंच आहे. पण तुम्ही स्वतः ही घरगुती परीक्षा करू नका. ज्याला तीनदा त्रास झालाय त्याने तयार रंग कातडीवर लावून बघणं म्हणजे चौथ्यांदा आमंत्रण. ती परीक्षा ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी, आणि तीही दर खेपेला. पंधरा वर्षांपूर्वी एकदा केली म्हणून आज चालत नाही.

लग्नाचं बोलू. पुढच्या महिन्यात केस रंगवायचे नाहीत. हे मी विनवून सांगत नाही, बजावून सांगते. तिसऱ्या वेळेपेक्षा चौथी वेळ जोरात असायचीच शक्यता जास्त, आणि लग्नाच्या फोटोत पांढऱ्या रेघांपेक्षा बंद डोळे जास्त उठून दिसतात. आधी रंगवलेले केस कापायची गरज नाही, पूर्ण रंग चढून नीट धुतले गेलेले केस सहसा त्रास देत नाहीत.

‘मग मेंदी लावू का?’ लावा, पण कुठली ते बघा. खरी मेंदी, म्हणजे नुसत्या पानांची पूड, केसांना नारिंगी-तांबूस करते आणि वेळ घेते. ती क्वचितच कुणाला बाधते. दहा मिनिटांत काळेभोर केस करणारी ‘काळी मेंदी’ ही मेंदी नव्हे. पाकिटावर पानाफुलांची चित्रं असतात, ‘हर्बल’ असतं, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पीपीडी असतं. चष्मा लावून वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊच नका. ‘अमोनिया नाही’ या शब्दांनी फसू नका, अमोनियाचा वास झोंबतो पण तुमचा आरोपी तो नाही. ‘पीपीडी नाही’ लिहिलेल्या काही रंगांत त्याचंच भावंड घातलेलं असतं आणि पीपीडी न चालणाऱ्या पुष्कळांना तेही चालत नाही. म्हणून चाचणीचा निकाल हातात येईपर्यंत साधी मेंदी किंवा काहीच नाही. माझं मत विचाराल तर काहीच नाही. पण मी चाळिशीतच पांढरी झालेली बाई आहे, माझं मत तुम्ही बाजूला ठेवू शकता.

औषधाच्या दुकानातून आणलेली ट्यूब तुम्ही पापण्यांना लावलीत असं लिहिलंय, नाव दिलेलं नाही. ‘दोन दिवसांत उतरलं’ म्हणताय म्हणजे त्यात तीव्र स्टिरॉइड असणार. पुन्हा लावू नका. पापणीवर अशी ट्यूब वारंवार लावली तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. आणि चौथी वेळ आलीच, तर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला की घरी बसून तासांचा हिशोब करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. या रंगानेही क्वचित तसं होतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. ज्यांच्या अंगावर वारंवार काही उठतं आणि कारण सापडत नाही, त्यांनी जेवणाच्या वहीऐवजी तीन दिवसांची वही ठेवावी. आज उठलं, तर आज, काल आणि परवा कातडीला काय काय लागलं ते लिहायचं. शेतात कापलेलं गाजर गवत, घड्याळाचा नवा पट्टा, दुसऱ्याकडून घेतलेलं तेल, दुखऱ्या गुडघ्याला चोळलेला लेप. तीन-चार वेळा लिहिलं की समान काय ते वहीच सांगते. टिकलीचा उशीर तर आणखी लांब असतो. तिच्या गोंदातल्या एका रसायनाने काहीजणींना कपाळावर पांढरा डाग पडतो, तो महिनोन्‌महिने वापरल्यावर, आणि मधे खाज सुटेलच असं नाही. आणि औषधं. फिटची किंवा गाऊटची नवी गोळी, अँटिबायोटिक यांचं पुरळ पहिल्या दिवशी येत नाही, पुष्कळदा आठवड्या-दोन आठवड्यांनी येतं, काही गोळ्यांचं महिन्या-दीड महिन्यानेही. तोवर घरात सगळे ‘काल काय खाल्लंस?’ विचारत असतात. नव्या गोळीनंतर पुरळ आलं आणि सोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले, तर पथ्य करत बसू नका. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता डबा. तुम्ही मला विचारलंत की तो न दुखवता कसा थांबवावा. त्याआधी तुमच्या पत्रातलं ‘नको नको ते’ मला दिसलं, आणि ते लिहिताना तुमचा हात अडखळला असणार हेही. त्याबद्दल स्वतःला फार बोल लावून घेऊ नका. डोळे सुजलेले, कारण सापडत नाही, अशा वेळी मन जुनी खातेवही उघडतं आणि त्यात नाव शोधतं. वाटणी झालेल्या घरात ते नाव लगेच सापडतं. पण तुम्ही स्वतः हिशोबाच्या बाई आहात, मुलांना पडताळा घ्यायला शिकवता. इथे पडताळा सोपा आहे. रंग बंद, डबा चालू. येत्या रविवारपासून डबा घ्या, भरलं वांगं खा, आणि चार-पाच रविवार बघा काय होतं. काही झालं नाही तर तुम्हाला कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही.

इतके दिवस परत पाठवलेल्या डब्यांचं काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा. ‘डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं, आता उठवलं’ एवढं पुरेसं आहे असं मला वाटतं. सगळी कबुली देऊन मोकळं व्हावं असं काहींना वाटतं, पण त्यात आपलं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जातं.

पॅच टेस्ट शक्यतो सोमवारी लावून घ्या. म्हणजे बुधवारी पट्ट्या निघतात आणि शुक्रवारी दुसऱ्यांदा बघता येतं. बुधवारी पाठ कोरी दिसली म्हणून शुक्रवारची खेप चुकवू नका, शाळेला आधीच रजा टाका. पट्ट्या असेपर्यंत पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घाम येईल असं काम नको, आणि पट्ट्या काढल्यावरही पेनाने केलेल्या खुणा शुक्रवारपर्यंत पुसू द्यायच्या नाहीत. त्या दिवसांत केस धुवायचे झालेच तर मोरीच्या कट्ट्यावर ओणवं होऊन कुणाकडून तरी धुवून घ्यावे लागतील, एकटीला जमत नाही. वर हाक मारा.